सांधे दिसणारे छायाचित्र

डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने फेब्रुवारी १९८३ मध्ये जपानमधील क्योटोच्या रिओआन्जी मंदिरातील दगडांची बाग दोनदा टिपली. दोन्ही वेळा बरेच छोटे फोटो काढून ते जोडून त्याने एकच चित्र केले. पहिल्या वेळी तो एका जागी बसून होता. त्या चित्रात आयताकृती बागेच्या कडा रेल्वेच्या रुळांप्रमाणे दूरवर एकमेकींकडे झुकतात. दुसऱ्या वेळी तो कडेने चालत गेला आणि टप्प्याटप्प्याने समोरचा भाग टिपत राहिला. या चित्रात बाग आयताकृतीच राहिली. खालच्या कडेला त्याची पावले ओळीने दिसतात.

असे का झाले? दूरची वस्तू डोळ्याशी लहान कोन करते, म्हणून एका जागेवरून दूरची बाजू आखूड दिसते. चालताना मात्र पाहण्याची जागाच सरकत गेली. नाकासमोरच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्यावर कडा समांतर आल्या. यथार्थदर्शन हा बागेचा गुण नाही, पाहणाऱ्याच्या जागेचा आहे. हे दुसरे चित्र कोणत्याही आकृतीपेक्षा चांगले पटवते.

असे जोडचित्र माणसाच्या पाहण्याच्या अधिक जवळ जाते, असे हॉकनीचे म्हणणे. ते अर्धेच खरे आहे. आपली तीक्ष्ण दृष्टी हाताच्या अंतरावरील अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागापुरतीच असते आणि डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उडी घेतात. म्हणजे आपणही तुकड्यांनीच पाहतो. पण मेंदू ते सांधे आपल्याला जाणवू देत नाही. हॉकनीचे चित्र आपल्याला काय दिसते ते दाखवत नाही, आपण कसे पाहिले त्याची नोंद दाखवते. माझ्या मते तेच त्याचे मोल आहे. मोबाईलमधला पॅनोरमा हे सांधे पुसतो आणि ती नोंदही पुसली जाते.

परभणी जिल्ह्यातील शिक्षकांना यासाठी क्योटोला जायला नको. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव पाहा. काठावर उभे राहिले की पलीकडच्या पायऱ्या दिसतात, पायाखालच्या नीट दिसत नाहीत. मुलांना काठापासून सुरक्षित अंतर ठेवून भोवती फिरू द्या, ठरावीक पावलांवर फोटो काढू द्या आणि प्रत्येकावर जागेचा क्रमांक घालायला सांगा. मग ते पुठ्ठ्यावर जुळवा. कडा जुळणार नाहीत. त्या कापून जुळवू नका. कोणता सांधा का जुळला नाही, हे मुलांना विचारा.