मॅनेजर म्हटलं की कोण येतो?

परवा गाइडना माझ्या प्रश्नावलीचा मराठी मसुदा दाखवला आणि पहिल्याच ओळीवर अडकले. पण आधी मूळ अभ्यासाबद्दल.

व्हर्जिनिया शाईन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९७३ साली त्यांनी विमा कंपन्यांमधल्या ३०० पुरुष मॅनेजरांना ९२ वर्णनांची यादी दिली. काहींना विचारलं, सर्वसाधारण पुरुषांना हे किती लागू पडतं. काहींना सर्वसाधारण स्त्रियांबद्दल, काहींना यशस्वी मॅनेजरांबद्दल. प्रत्येकाच्या हातात यातला एकच कागद. गंमत इथेच आहे. 'बायका चांगल्या मॅनेजर होतात का?' असं थेट विचारलं असतं तर बहुतेकांनी सभ्य उत्तर दिलं असतं. कागद शेजारी ठेवले तेव्हा मॅनेजरचं चित्र पुरुषाच्या चित्राशी बरंच जुळलं, बाईच्या चित्राशी जवळपास नाहीच. १९७५ मध्ये स्त्री मॅनेजरांना विचारलं, तरी कल तोच. (मला हे जास्त टोचतं.)

पण पद्धतीत एक खोट आहे. 'सर्वसाधारण' स्त्रीची तुलना 'यशस्वी' मॅनेजरशी का? १९८९ मध्ये मॅडलिन हाइलमन आणि सहकाऱ्यांनी 'स्त्री मॅनेजर', 'यशस्वी स्त्री मॅनेजर' असं लिहून पाहिलं, तर फरक बराच आटला. पुरता गेला नाही. तरीही मूळ तुलना मला टाकाऊ वाटत नाही. पहिल्या बढतीसाठी समोर बसलेली बाई अजून मॅनेजर नसतेच ना! तिला 'सर्वसाधारण'च्याच मापाने मोजतात. २०११ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ही पुरुषी छाप काळानुसार फिकट होत गेलेली दिसते, पुसलेली नाही.

आता माझी अडचण. इंग्रजीत 'मॅनेजर'ला व्याकरणाचं लिंग नाही. मराठीत 'यशस्वी मॅनेजर कसा असतो?' लिहिलं की निम्मं उत्तर मीच दिलं. 'कसे असतात' म्हणूनही सुटका नाही. शेवटी वाक्यच काढलं आणि हळवेपणा, कणखरपणा, आत्मविश्वास अशी नामं ठेवली. गाइड म्हणाल्या, "बरं, आणि आक्रमकपणाचं काय?" आवाज चढवणारा साहेब आपल्याकडे 'कडक', तशीच मॅडम 'कजाग'. कजाग पुरुष मी तरी ऐकलेला नाही. दोन्ही शब्द यादीत घ्यायचे की एकही नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.