शीर्षबिंदूचा उच्चार कोणाचा?

मराठी लेखनविषयक नियमांची सुरुवातच अनुस्वारापासून होते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. ‘नांव’, ‘पांच’, ‘केळें’ यांच्या डोक्यावरची, उच्चारात नसलेली टिंबे त्यामुळे गेली. हे काम चांगलेच झाले. आमची तक्रार निराळी आहे. अनुनासिकाचा उच्चार स्पष्ट असेल तेथे शीर्षबिंदू द्यावा, असे नियम सांगतो. पण हा उच्चार कोणाच्या तोंडचा, हे सांगत नाही. सुशिक्षित शहरी घरात हा प्रश्न पडत नाही. अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आसपास, आश्रमशाळेच्या वर्गात, तो रोज पडतो.

तेथील ठाकर आणि महादेव कोळी वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या कित्येक मुलांच्या बोलीत ‘पाणी’ नाही, ‘पानी’ आहे. ‘लोणी’ नाही, ‘लोनी’ आहे. अशा मुलाला पुस्तकातली मराठी ही एका अर्थाने दुसरीच भाषा असते. त्याने वहीत ‘पानी’ लिहिले की त्यावर तांबडी रेघ येते. आपण कानाने ऐकले तेच हाताने लिहिले, मग चुकले कोठे, हे त्याला कळत नाही. आणि बऱ्याचदा गुरुजींनाही ते सांगता येत नाही.

यात आळस नाही. रशियन भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली. परका ध्वनी या चाळणीतून गाळूनच कानी पडतो. ही चाळणी फार लवकर तयार होते. वेर्कर आणि टीस यांनी १९८४ साली दाखवले, की इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळे हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता ओसरते. फ्लेगे यांचा १९९५ चा सिद्धांत आणखी पुढे जातो : अगदी नवा ध्वनी त्या मानाने सोपा, आपल्या ध्वनीच्या जवळचा पण वेगळा ध्वनी अधिक कठीण. ‘न’ येणाऱ्याला ‘ण’ जड जातो तो याच कारणाने.

तेव्हा आधी कान, मग जीभ आणि शेवटी वही. ‘तन–तण’, ‘मन–मण’, ‘खान–खाण’ अशा जोड्या शिक्षकाने तोंडासमोर वही धरून म्हणाव्यात आणि मुलांनी कोणता शब्द आला ते ओळखावे. फरक ऐकू येऊ लागला की जिभेचे टोक वरच्या दातांमागून उचलून टाळूकडे मागे वळवायला सांगावे. नाकातून हवा दोन्ही ध्वनींत जाते. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून ‘म्‌म्‌म्’ असा सूर लावून पाहावा. तो लगेच अडतो. पडजिभेलगतचा मऊ टाळू खाली उतरून हवेला नाकाची वाट मोकळी करतो, हे शरीरशास्त्राच्या तासालाही सांगता येईल. आणि ‘पानी’ अशुद्ध नव्हे, ते घरचे आहे, हेही सांगावे.

आता टिंबाकडे वळू. गंगा, पंचा, अंडे, संत, आंबा या पाच शब्दांत एकच खूण आणि पाच वेगळे ध्वनी आहेत. पण पुढचे व्यंजन जिभेला आपोआप जागेवर नेते, म्हणून मूल येथे चुकत नाही. ‘संसार’, ‘संशय’ यांत मात्र मराठी माणूस नाकातला ‘व’ उच्चारतो, तर हिंदी भाषक ‘सन्सार’ म्हणतो. येथे केवळ शीर्षबिंदू द्यावा, एवढेच नियम सांगतो. लिहिणाऱ्याला ते पुरेसे आहे, वाचायला शिकणाऱ्याला नाही. ‘घरात’ आणि ‘घरांत’ हा भेद तर पुष्कळांच्या बोलण्यात उरलेलाच नाही. तेथे टिंब उच्चारासाठी नसून अनेकवचनासाठी आहे. मग ‘ऐका आणि लिहा’ हा उपदेश मुलाने पाळायचा कसा?

नाकातले स्वर प्रमाण मराठीतून जवळजवळ गेले, कोकणीत ते टिकले. त्याचा भुर्दंड हिंदी शिकताना बसतो. ‘है’ आणि ‘हैं’ यांत एकवचन-अनेकवचनाचा फरक आहे, पण आपली मुले (आणि खरे तर आपणही) दोन्हीकडे ‘है’च म्हणतात.

इंग्रजीत उलटे होते. मार्गदर्शक पुस्तिकांत ‘गाणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा उच्चार ‘सिंग’ असा छापतात, आणि मूल शेवटचा ‘ग’ इमानाने उच्चारते. प्रमाण इंग्रजीत तो ‘ग’ नाहीच. आहे तो फक्त ‘ङ’. वर्णमालेत आपण तो शिकवतो, पण एकटा कधी ऐकवत नाही. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तेव्हा ‘डांगी’ हा शब्द प्रत्येक मुलाच्या ओठांवर असतो. तो सावकाश म्हणायला लावावा आणि ‘ग’ फुटण्याआधीच थांबवावे. जिभेची मागची बाजू टाळूला टेकलेली, आवाज नाकातून चालू. ‘डाङ्‌ङ्‌ङ्’. आता जीभ तेथेच ठेवून ‘सि’ पुढे जोडायचा.