डोराचे शेत

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिलची कविता आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली. म्हणूनच इंग्लंडात रायडलला गेलेला रसिक त्याच्या घराजवळच्या पिवळ्या उतारावर तीच कविता शोधू लागतो. इथे गफलत होते. त्या कवितेतली फुले रानची, अल्सवॉटर सरोवराकाठी १८०२ साली पाहिलेली. इथले कंद लावले गेले ते १८४७ साली मुलगी डोरा वारल्यावर. पुढे म्हाताऱ्या कवीची लेखणी जवळजवळ थांबली. मला तर हे शेत त्याची न लिहिलेली विलापिकाच वाटते. छापील कविता कपाटात टिकते. ही दर वसंतात मातीतून पुन्हा यावी लागते. आज नॅशनल ट्रस्ट हे शेत सांभाळतो. फुले टिकतीलच, ती कोणासाठी लावली, ही आठवणही टिकली पाहिजे.