भूलद्रव्यजन्य पूर्वसज्जता : प्रयोगशाळेतील सिद्धांत आणि रुग्णशय्येवरील पुरावा

हृदयाचा थांबलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू केल्याशिवाय पेशी वाचत नाहीत. परंतु रक्त परतते तेव्हाच त्यांना नवी इजा होते. हीच पुनर्प्रवाह-इजा. मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयधमनीची शाखा ५-५ मिनिटे चार वेळा बंद केली व नंतर ती ४० मिनिटे बंद ठेवली. मृत पेशींचे क्षेत्र नेहमीच्या सुमारे एकचतुर्थांशच आढळले. या पूर्वसज्जतेसारखेच संरक्षण आयसोफ्लुरेन हे श्वासातून दिले जाणारे भूलद्रव्यही देते, हे १९९७ मधील प्राणिप्रयोगांनी दाखविले.

या संरक्षणाचे केंद्र तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, मानले जाते. भूलद्रव्यामुळे तिच्या पोटॅशियम वाहिन्या उघडतात, क्रियाशील ऑक्सिजन अल्प प्रमाणात तयार होतो आणि प्रोटीन कायनेज-सी सारखी विकरे कार्यान्वित होतात. परिणामी रक्त परतल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तंतुकणिकेच्या आवरणातील मोठे छिद्र सहजासहजी उघडत नाही. ते उघडल्यास आवरणावरील विद्युतभार कोसळतो, एटीपीची निर्मिती थांबते व पेशी मरते. जो ऑक्सिजन अतिरेकाने घातक ठरतो, तोच अल्प मात्रेत इशाऱ्याचे काम करतो, हे या सिद्धांताचे वैशिष्ट्य होय.

मात्र या साखळीतील काही दुवे कच्चे आहेत. वाहिनीचे अस्तित्व दीर्घकाळ औषधांच्या परिणामांवरूनच अनुमानित केले जात होते, आणि ती औषधे अन्यत्रही क्रिया करतात. वाहिनीच्या प्रथिनांची ओळख पटविणारे संशोधन २०१९ मध्ये पुढे आले. छिद्राच्या घडणीबाबतचा वाद अद्याप मिटलेला नाही.

त्याच वर्षी १३ देशांतील ५४०० बायपास रुग्णांचा ‘मिरियाड’ अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण श्वासावाटे भूल दिलेल्यांत २.८ टक्के, तर केवळ शिरेतून भूल दिलेल्यांत ३.० टक्के होते. म्हणजे उल्लेखनीय फरक आढळला नाही. यावरून सिद्धांतच खोटा ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. अभ्यासाचा मुख्य निकष मृत्यू हा होता, तंतुकणिकेची अवस्था नव्हे. शिवाय हृदयशस्त्रक्रियेत सर्रास दिली जाणारी अफूवर्गीय वेदनाशामकेही प्राण्यांत पूर्वसज्जता घडवितात. त्यामुळे तुलनेचा गट सर्वस्वी असंरक्षित नव्हता. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असतो. रुग्ण वयस्क, अनेकदा मधुमेही असतो. रक्तातील वाढलेली साखर आणि ग्लायबेनक्लामाइडसारखी औषधे हे संरक्षण क्षीण करतात, हेही प्राणिप्रयोगांतूनच ज्ञात आहे.

परंतु या सबबी पुढे करून रुग्णांना लाभ होतोच, असे म्हणणेही तितकेच असमर्थनीय आहे. यंत्रणेचा पुरावा आणि उपचाराचा पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. विज्ञानाच्या अध्यापकांनी हा विषय वर्गात मांडताना १९८६ च्या प्रयोगाशेजारी २०१९ चा निष्कर्षही ठेवला, तरच विद्यार्थ्यांना त्यांतील अंतर कळेल.