मेकफाइल कोणाशी बोलते?

समीक्षा म्हटली की आपल्याला कविता-कादंबरी आठवते. आज मी समीक्षेसाठी निवडलाय मेकफाइलचा मजकूर. प्रोग्रॅम कसा कंपाइल करायचा हे संगणकाला सांगणारी ही फाइल. पण काही अडलं की ती माणसाशी बोलते. कशी बोलते, ते बघू.

आधी प्रसंग सांगतो. माझ्या भाच्याला 'मारिओ कार्ट ६४' खेळायचा होता. खेळ १९९६ सालचा, निन्टेंडो ६४ या यंत्रावरचा. संगणकावर तो चालवायला म्यूपेन-६४-प्लस नावाचा मुक्तस्रोत एम्युलेटर आहे. या खेळात गाडी पळत ठेवायची तर 'ए' बटण शर्यतभर दाबून धरावं लागतं, आणि भाच्याच्या अंगठ्यात तेवढा जोर नाही. कुठलं बटण कशासाठी, हे सेटिंगच्या फायलीत बदलता येतं. आम्हाला मात्र हवं होतं की एकदा दाबलं की ते दाबलेलंच राहावं आणि पुन्हा दाबलं की सुटावं. ती सोय मला सेटिंगमध्ये सापडली नाही. पण या एम्युलेटरचा गाभा वेगळा आणि चित्र, आवाज, कंट्रोलर यांचे प्लगइन वेगळे. म्हणजे कंट्रोलरच्या प्लगइनमध्ये दहा ओळी बदलायच्या आणि तेवढाच कंपाइल करायचा. दहा ओळी अर्ध्या तासात झाल्या. उरलेली संध्याकाळ कंपाइल करण्यात गेली.

हा प्रकल्प जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. हा परवाना १९९१ चा. 'सोर्स कोड' म्हणजे काय हे सांगताना त्यात प्रोग्रॅम कंपाइल आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टही मोजल्या आहेत. म्हणजे मेकफाइल हा कृतीचाच भाग आहे, पॅकिंगचा खोका नव्हे. म्हणून तिची समीक्षा करायचा हक्क मी घेतोय.

टर्मिनलमध्ये 'मेक' टाइप केलं. उत्तर आलं : एसडीएलच्या डेव्हलपमेंट लायब्ररी सापडल्या नाहीत. मी चक्रावलो. कंट्रोलर वाचण्याचं काम हीच एसडीएल करते आणि खेळ तर मघाशीच चालत होता! मग नाही म्हणजे काय? खुलासा असा की उबंटूवर लायब्ररी चालवण्याचं पॅकेज वेगळं आणि तिच्यावर कोड कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फायलींचं पॅकेज वेगळं. हे दुसरं माझ्याकडे नव्हतं. उबंटूत त्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लागतं, फेडोरात 'डेव्हल', आणि आर्चमध्ये दोन्ही एकाच पॅकेजात येतं. इतकी नावं मेकफाइल कुठे सांगत बसणार, हे मान्य. पण त्या वाक्याचा सगळा भार 'डेव्हलपमेंट' या एका शब्दावर आहे. ज्याला माहीत आहे त्याला तो दिसतो. ज्याला माहीत नाही तो त्याच्यावरून पुढे जातो आणि असलेली लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. मी तेच केलं.

दुसरी अडचण लगेच आली. एम्युलेटरच्या गाभ्याच्या हेडर फायली नव्हत्या. इथला संदेश मात्र बघा. फायली सापडल्या नाहीत, असं तो सांगतो आणि पुढे म्हणतो की त्या दुसरीकडे असतील तर अमुक पॅरामीटर देऊन मला जागा दाखवा. काय नाही आणि तुम्ही काय करू शकता, दोन्ही एका ओळीत. लिहिणाऱ्याने इथे समोर वाचणारा धरलाय. पाच मिनिटांत मी पुढे सरकलो.

तिसरी अडचण सगळ्यांत वाईट, कारण तिथे कोणी बोललंच नाही. प्लगइन कंपाइल झालं, इन्स्टॉल झालं, खेळ सुरू झाला. पण बटण सोडलं की गाडी थांबतेच! मला वाटलं माझा कोड चुकला. तासभर तोच तपासला. प्रत्यक्षात नवं प्लगइन गेलं होतं यूएसआर-लोकल या फोल्डरखाली, आणि उबंटूच्या पॅकेजमधून आलेला एम्युलेटर आपल्या ठरलेल्या फोल्डरमधलं जुनंच प्लगइन उचलत होता. सुरू होताना तो प्लगइनचं नाव आणि आवृत्ती छापतो. दोन्ही प्लगइनचं नाव एकच. फाइल कुठून उचलली, हे त्या ओळीत नाही. शेवटी 'इनपुट' हा पर्याय देऊन नव्या फायलीचा पूर्ण पत्ता दिला, तेव्हा काम झालं.

यावर कोणी म्हणेल, ही मंडळी फावल्या वेळात, फुकट काम करतात, त्यांना कसले बोल लावता? खरं आहे. पॅकेज बनवणारे वेगळे, प्लगइन लिहिणारे वेगळे, आणि माझा गोंधळ या दोघांच्या मधल्या फटीत झाला. पण परवान्याने कोड बदलायचा हक्क दिलाय तो सगळ्यांना. तो बजावता येणं जर आधीपासून जाणणाऱ्यांपुरतंच राहिलं, तर कागदावर खुलं असलेलं दार माझ्या भाच्यासाठी बंदच. आणि ते उघडायला फार लागत नाही. काय नाही, कुठे शोधलं, आता तुम्ही काय करा, या तीन गोष्टी सांगणारी एक ओळ पुरते.

म्हणून माझं मागणं ऐकणाऱ्यांकडेही आहे. अडचण सुटली की आपण टर्मिनल बंद करतो आणि विसरतो. तसं करू नका. जी ओळ वाचायला मिळाली असती तर तुमची संध्याकाळ वाचली असती, ती ओळ लिहा आणि प्रकल्पाला पाठवा. मुक्तस्रोतात समीक्षकालाही पेन मिळतं, ही सोय साहित्यात नाही!

भाच्याने त्या रात्री शर्यतीच्या तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. आठ जणांत आठवा आला. लगेच म्हणाला, "मामा, अजून एक."