रडार-प्रतिमा की छायाचित्र?

चांद्रसंशोधनाविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि या लेखनातील एका शब्दाकडे अध्यापकवर्गाचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. चंद्राच्या रडार-प्रतिमेस सर्रास ‘छायाचित्र’ म्हटले जाते.

छायाचित्रास प्रकाश लागतो. चंद्राच्या ध्रुवांजवळील काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. तेथे यान स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते व त्यांचा प्रतिध्वनी टिपते. प्रतिध्वनीस लागलेला वेळ आणि त्याच्या वारंवारितेत पडलेला फरक यांवरून गणिताने प्रतिमा रचली जाते. तिच्यातील उजळ ठिपका म्हणजे उजेड नव्हे. तेथून प्रतिध्वनी जोरकस आला, एवढेच तो सांगतो.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. २००८ साली निघालेल्या चंद्रयान-१ वरील मिनी-सार या अमेरिकी उपकरणाच्या नोंदींत उत्तर ध्रुवाजवळील ४० हून अधिक विवरांत बर्फाची चिन्हे दिसली. तेथे किमान ६० कोटी टन बर्फ असावा, असा अंदाज २०१० साली वर्तविण्यात आला. हे चिन्ह कोणते? मळसूत्राप्रमाणे फिरत जाणारी लहर सपाट पृष्ठावरून परतताना फिरण्याची दिशा पालटते. बर्फात वारंवार विखुरल्यास ती मूळ दिशेनेही फिरत परतते. परंतु दगडांच्या ओबडधोबड राशीही नेमके हेच करतात. अरेसिबोच्या रडारवेधांवर आधारलेल्या २००६ मधील अभ्यासात हेच चिन्ह, जेथे बर्फ टिकणे अशक्य, अशा उन्हातील भागांतही आढळले होते. ही संदिग्धता कमी व्हावी म्हणून २०१९ साली चंद्रयान-२ बरोबर दोन लहरलांबींचे रडार पाठविण्यात आले.

वाचकास परिचित शब्द हवा, हा युक्तिवाद आम्ही जाणतो. परंतु ‘छायाचित्र’ म्हटले की विद्यार्थी निःशंकपणे ‘बर्फ दिसला’ असे लिहितो. ‘प्रतिमा’ म्हटले की तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. एका शब्दावरून कवितेचा निष्कर्ष काढू नये, संदर्भ पाहावा, असे आपण भाषेच्या तासाला सांगतो. विज्ञानाच्या तासालाही तीच शिस्त हवी. शास्त्रज्ञांनी जपलेला संशय आमच्या भाषांतरात हरवला, तर तो दोष विज्ञानाचा नव्हे, आमच्या मराठीचा ठरेल. म्हणून ‘रडार-प्रतिमा’ हाच शब्द पाठांत व लेखांत रूढ व्हावा, असे आमचे मत आहे.