कोळशावरील उपकर आणि तिरोड्याची वीज : एक चिकित्सा

प्रदूषकावर कर बसविला की प्रदूषण घटते, या गृहीतकावर हवामानविषयक अर्थनीतीचा मोठा भाग उभा आहे. भारतात 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागू झाला. 2016 मध्ये तो 400 रुपयांवर गेला. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे हे गृहीतक तपासणे उद्बोधक ठरते. येथील अदानी पॉवरच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॅटचे पाच संच असून बहुतांश वीज दीर्घमुदतीच्या करारांन्वये महावितरण घेते.

अशा करारांत 'कायद्यातील बदल' हे कलम असते. बोलीनंतर लागलेल्या कराचा भार त्यान्वये वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने खरेदीदाराकडे, पर्यायाने ग्राहकाकडे सरकतो. एका युनिटास 600 ते 700 ग्रॅम कोळसा धरल्यास हा भार 24 ते 28 पैसे होतो. उत्पादकास झळ नाही. ज्या भातगिरणीवाल्यास वा कृषिपंपधारकास ती बसते, त्याच्या हाती इंधनाची निवड नाही. स्वस्त वीज आधी घेण्याच्या पद्धतीमुळे उपकराने महागलेले संच मागे पडतात, हा प्रतिवाद रास्त आहे. परंतु सर्वच कोळशावर टनाला समान आकारणी असल्याने हा परिणाम मर्यादितच राहतो.

विनियोगाची कथा अधिक खेदजनक आहे. 2010-11 ते 2017-18 या काळात सुमारे 86,440 कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीकडे 29,645 कोटी वळले आणि प्रकल्पांना 15,911 कोटी मिळाले. 2017 पासून तर ही रक्कम वस्तू व सेवा कराने राज्यांना आलेली तूट भरून काढण्याकडे गेली.

सप्टेंबर 2025 मध्ये उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के झाला. साधा हिशेब केला तरी टनामागे सुमारे 3,077 रुपयांहून कमी करपात्र किमतीच्या कोळशावरील कर घटला, त्याहून महाग कोळशावरील वाढला. कमी उष्मांकाचा, जास्त राखेचा कोळसाच सामान्यतः स्वस्त असतो! ग्राहकास दिलासा मिळेल, हे मान्य. हवामानधोरण म्हणून मात्र ही उलटी दिशा होय.

2023 च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेच्या पहिल्या उद्योगांत वीजनिर्मितीचा समावेश नाही. पुढे तो झाल्यास जुन्या करारांना हात लावणे कायद्याने अवघड जाईल. नव्या करारांत तरी कार्बनखर्चाचा काही अंश उत्पादकाकडेच राहील, अशी तरतूद आयोगाने बोलीपूर्वीच करावयास हवी.